यादीतलं नाव



आठवीत माझ्या बाकावरची मैत्रीण अचानक शाळेत यायची थांबली, आठवतं? तिचे बाबा डहाणूहून गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेले. हद्द ओलांडली म्हणून बोट पाकिस्तानात नेली. ते जिवंत आहेत, एवढं कळायलाच सात महिने लागले.

२००८ च्या करारानुसार आता दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. २०२५ च्या मे महिन्यात संघर्ष पेटला, तरी १ जुलैची यादी चुकली नाही. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते. सगळं ठप्प असताना एक व्यवस्था चालू राहते, याचं माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवालीला फार अप्रूप.

पण यादी म्हणजे सुटका नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचं कलम ७३ म्हणतं, १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यातल्या मासेमारीसाठी, वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देऊ नये. दोन्ही देशांना तो मान्य आहे. मात्र सर क्रीकपुढे समुद्रातली हद्दच ठरलेली नाही!

हे बोलू का, असं मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "बोल. आणि सुटून आल्यावर बाबा पुन्हा बोटीवरच गेले, तेही सांग."