प्राध्यापकांसही ट्रेनिंग हवे

(तालुक्याच्या गावी भरलेल्या शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही मंडळी गालातल्या गालात हसली, हे आम्ही पाहिले. गावच्या मास्तराने कॉलेजातील प्राध्यापकांच्या शिकवण्याबद्दल बोलावे, म्हणजे लहान तोंडी मोठा घास, असे त्यांस वाटले असेल. वाटो बापडे! परंतु त्या प्राध्यापकांपुढे जी मुले बसतात ती तुमच्या घरची आहेत आणि आमच्याच हाताखालून वर गेलेली आहेत. तेव्हा पुढे त्यांचे काय होते हे विचारण्याचा अधिकार तुम्हांआम्हांस नाही तर कोणास?

पहिलीच्या वर्गापुढे उभे राहण्यापूर्वी आम्हांस ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षे काढावी लागली. पाठाचे टाचण काढावे, पाठ घ्यावा, मागच्या बाकावर बसलेल्या गुरुजींनी चुका टिपाव्या आणि त्या सुधारून पुन्हा पाठ घ्यावा, असा तो क्रम. हायस्कुलाच्या शिक्षकास बी.एड. लागते. त्याच्याही वर शिकवणारास काय लागते? एम.ए. वा एम.एस्सी., आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. नेटची परीक्षा १९८९ पासून आहे. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी काही प्रश्न असतात खरे, पण ते पर्यायावर खूण करून सुटतात. विषय येतो की नाही हे पाहिले जाते. तो दुसऱ्यास समजावता येतो की नाही, हे नेमणुकीपूर्वी धडपणे कोणी पाहत नाही. उमेदवारी केल्यावाचून सुतार आपल्या पोराच्या हाती सागाची फळी देत नाही. येथे मात्र शंभर-शंभर पोरांची वर्षे देऊन टाकतात!

असे का झाले? मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी हे विद्यापीठाचे काम. शिकवण्याचे कॉलेजांनी पाहावे. परीक्षा हेच जेथे मुख्य, तेथे शिकवावे कसे हा प्रश्न विचारणार कोण? शिवाय त्या काळी कॉलेजात जाणारी मुले बहुधा लिहित्या-वाचत्या घरांतली. कॉलेजात उणे राहिले ते घरी भरून निघे. नांगरामागून आणि ऐरणीजवळून उठून आलेल्या मुलास घरी भरून देणार कोण?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले. सरकारचा वसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो, हे त्यांनी त्यात सांगितलेच. पण प्राथमिक शाळांचे शिक्षक शिकवून तयार केलेले असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस त्यांस धरता यावा, असेही मागितले. ज्यास मुलाचे जगणे ठाऊक, त्यासच मुलास शिकवता येते, हा त्यातला मुद्दा. आता आमची मुले कॉलेजापर्यंत पोचली, तेव्हा ती मागणीही एक मजला वर नेली पाहिजे.

कॉलेजात गेलेल्या मुलांच्या वह्या आम्ही मुद्दाम मागून पाहतो. अर्थशास्त्राच्या वहीत 'मागणीची लवचिकता' याची व्याख्या सुवाच्य अक्षरात उतरवलेली असते. मुलास ती पाठही असते. मग त्यास विचारावे, बाबा, ज्या साली कांदा अमाप पिकला त्या साली तुझ्या बापाच्या हाती पैसा कमी का आला? मुलगा तोंडाकडे पाहतो. अहो, तोच तर धडा! कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी एका भाकरीबरोबर चार कांदे खात नाही. माल वाढतो, खप त्या मानाने वाढत नाही, भाव कोसळतो, आणि भरघोस पिकाचे पैसे बेताच्या पिकाहून कमी होतात. बापाने बाजार समितीच्या दारात जे भोगले, तेच मुलगा वर्गात पाठ करतो, पण दोहोंची गाठ पडत नाही.

रसायनशास्त्राचेही तेच. कृष्णाकाठच्या चोपण जमिनींत जिप्सम टाकतात हे शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असते. मातीच्या कणांस चिकटलेल्या सोडियमची जागा जिप्सममधला कॅल्शियम घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निचऱ्यातून जातो. येथून आरंभ केला तर आयनांची अदलाबदल मुलगा तासाभरात समजेल. पण आरंभ होतो फळ्यावरच्या इंग्रजी समीकरणाने. मुलगा ते उतरवून घेतो, गाईड विकत आणतो आणि नापास होतो. मग म्हणतात, त्यास बुद्धीच कमी! घरी बैल विकून फी भरलेली असते. मुलगी असली तर पहिल्याच नापासाला तिचे लग्न ठरते.

यावरून प्राध्यापकांस शिव्या देण्याचा आमचा हेतू नाही. आज त्यांतले पुष्कळ आपल्याच घरांतले आहेत. त्यांस जसे शिकवले गेले तसे ते शिकवतात. दुसरी रीत त्यांस दाखवली कोणी? कित्येकजण तासिका तत्त्वावर राबतात, तासाचे मोजून पैसे घेतात आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजाकडे धावतात. अशा माणसास 'नीट शिकव' असे नुसते दरडावण्यात काय अर्थ? त्यास आधार दिला पाहिजे.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. त्यांची नावे दोनदा बदलली. २०२३ पासून ती मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथे काही आठवड्यांचे वर्ग होतात, त्यांचे प्रमाणपत्र बढतीस लागते, आणि येथेच घोडे पेंड खाते. व्याख्याने देऊ नका, मुलांस बोलते करा, हे सांगणारी व्याख्याने दिवसभर ऐकून प्राध्यापक परत येतो. पुढे त्याच्या वर्गात कोणी येऊन बसत नाही.

गंमत पाहा. पाच-दहा मिनिटांचा पाठ चार मुलांपुढे घ्यायचा, दोष पाहायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा, हे सूक्ष्म अध्यापन आमच्या ट्रेनिंगमध्ये आले ते अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून. तेथे ते १९६३ च्या सुमारास निघाले. विद्यापीठाने काढलेले औषध गावच्या मास्तरास पाजले, आमच्या विद्यापीठांनी स्वतः मात्र चाखले नाही! त्याच देशात मिशिगन विद्यापीठाने १९६२ सालीच प्राध्यापकांच्या शिकवण्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. सत्राच्या मध्यावर त्या केंद्राचा माणूस वर्गात येतो, प्राध्यापक बाहेर जातो, मुले काय समजते व काय अडते ते मोकळेपणी सांगतात. तो माणूस ते फक्त प्राध्यापकास खाजगीत कळवतो. वरिष्ठांच्या फायलीत घालत नाही. ही गुप्तता फार महत्त्वाची. नोकरीची भीती असली की माणूस दोष झाकतो. मदतीची खात्री असली की दाखवतो.

यास पैसा फार लागत नाही. एकाच कॉलेजातल्या दोघांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसावे. तास संपताना मुलांकडून चिठ्ठी घ्यावी: आज काय कळले नाही? नाव लिहू नये. इंग्रजी संज्ञा मराठीत सोडवून सांगण्यास कमीपणा मानू नये. मात्र तासिकेवरच्या शिक्षकास या कामाचेही पैसे द्यावे, फुकट राबवू नये.

म्हणून पुढील ठराव आम्ही सभेपुढे ठेवतो. तालुक्यातील प्रत्येक कॉलेजाच्या प्राचार्यांस पालकांनी लेखी विचारावे, की गेल्या वर्षी किती प्राध्यापक प्रशिक्षणास गेले, परत आल्यावर वर्गात काय बदलले, आणि तासिकेवरच्यांपैकी किती जणांस पाठवले. उत्तर आल्यावर ते येथेच वाचून दाखवावे. अनुमोदन द्यायचे असेल त्यांनी उभे राहावे. भगिनींनीही राहावे, कारण त्यांच्या मुलीही त्याच वर्गात बसतात.