अमीबा : आकार नसलेला जीव

तळ्याच्या तळाशी कुजत पडलेलं एखादं पान उचलावं, त्यावरचा बुळबुळीत गाळ थेंबभर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. त्यात कधी कधी एक जीव दिसतो. त्याला ना डोकं, ना पोट, ना पाय. मघाशी पाहिला तेव्हा एक आकार, आता पाहावं तर दुसराच! हा अमीबा. १७५५ साली जर्मनीतल्या रोझेल यानं त्याचं पहिलं वर्णन केलं. तळ्यातला मोठा अमीबा जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो.

त्याचं सारं अंग म्हणजे एकच पेशी. जायचं असेल तिकडे तो अंगाचा एक भाग पुढे ओततो आणि उरलेलं अंग त्यात ओघळत येतं. याला छद्मपाद, म्हणजे खोटा पाय म्हणतात. भक्ष्य सापडलं की दोन्हीकडून वेढा घालून ते अंगातच कोंडतो आणि पचवतो. बाहेरचं पाणी सारखं अंगात झिरपतं. होडीतलं पाणी नावाड्यानं उपसावं तसं, एक छोटी पोकळी भरून ते पुन्हा बाहेर टाकते. वाढ पुरी झाली की आधी पेशीचं केंद्रक दुभंगतं, मग अंग. एकाचे दोन होतात. दोघांत आई कोण आणि लेक कोण, हे सांगता यायचं नाही!

आता आपल्या घरची गोष्ट. याचाच एक भाऊबंद माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतो. १८७५ साली रशियात लोश या वैद्यानं तो आवेच्या रोग्यात पाहिला. तो आतड्याला जखमा करतो, रक्ताची आव पडते. कधी यकृतातही गळू होतं. हा हालता अमीबा शरीराबाहेर फार टिकत नाही. पण शौचावाटे बाहेर पडण्याआधी काही अमीबा गोल होतात आणि अंगाभोवती टणक कवच घेतात. हा झाला कोष. ओल्या मातीत, पाण्यात तो कित्येक दिवस तग धरतो. माशीच्या पायांनी, न धुतलेल्या हातांनी, कच्च्या भाजीवरून तो पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातो.

आपण म्हणाल, पाणी तर आम्ही गाळून पितो. पण कोष मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. फडक्यातून तो सहज पार होतो. पाणी शुद्ध करायला नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीननंही तो मरेलच असं नाही. खळखळून उकळल्यावर मात्र मरतो. म्हणून पाणी गाळा आणि मग उकळा. शौचाला संडासातच जा, हात साबणानं धुवा. प्रत्येक आव अमीबाचीच असते असं नाही. तेव्हा दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि दिलेलं औषध अर्ध्यावर सोडू नका.

गुरुजींना एक सुचवावंसं वाटतं. सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना एकाच अमीबाचं चित्र मिनिटामिनिटाच्या अंतरानं तीनदा काढू द्या. तीन चित्रं तीन तऱ्हेची येतील. तिन्हींना पुरे गुण द्या. मग फळ्यावर एक साधं वर्तुळ काढून सांगा : मुलांनो, हा त्याच्या भाऊबंदाचा कोष. हा हालत नाही, पण गावभर फिरतो. त्याला आपल्या घराबाहेर ठेवायचं आहे.