आमच्या घरची सायकल



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या सायकलविषयीच बोला की!" म्हणून उभी राहिले.

ही काळी अ‍ॅटलस मामंजींनी १९७१ साली घेतली. नाशिकरोडला नोटा आणि पोस्टाची तिकिटे छापतात, त्या प्रेसमध्ये ते कामाला होते. पंचवटीहून रोज तिच्यावरून जात. आता आमचे हे तिच्यावरूनच सातपूरच्या कारखान्यात जातात. टायर-ट्यूब कितीदा बदलल्या याची गणती नाही. सांगाडा मात्र तोच. दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग करायचे, ते मी कधी चुकू देत नाही. खोबरेल तेल मात्र साखळीला घालू नये हो, धूळ धरते!

सकाळी सहाला डबा कॅरिअरला अडकवून हे निघतात. होळकर पूल, रविवार कारंजा, मग त्र्यंबक रोड. परतताना पुलावर दोन मिनिटे थांबण्याची यांची जुनी खोड आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, ही बातमी आमच्या आळीत प्रथम यांच्याकडून कळते. शेजारच्या काकू तर घंटी ऐकून ओट्यावर येतात. थंडीत हे येताना पेरू आणतात, कधी मेथीची जुडी. मोटारीतून जाणाऱ्याला जुडी दिसते तरी का? आणि कारखान्यात कोणी टाकून बोलले असले, तरी घरी येईतो तो राग वाटेत गळून गेलेला असतो. हे सुख बायकोलाच कळते.

२०२० साली टाळेबंदीत बस बंद होत्या. कारखाना उघडला तेव्हा कितीजणांना जाता येईना. यांची हजेरी चुकली नाही आणि आमची चूल पेटती राहिली. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. वर्तमानपत्रात वाचून यांनी त्या दिवशी सायकल दोनदा पुसली.

गेल्या महिन्यात मुलाने धरून बसले, "आई, ही भंगारात देऊ, बाबांना हप्त्यावर मोटारसायकल घेऊ. ताईला पाहायला पाहुणे यायचे, दारात हे काय दिसेल?" पोराच्या मनात लाज होती, वाईट नव्हते. मी म्हटले, "दिसू दे. याच कॅरिअरवर बसून तुम्ही दोघे शाळेत गेलात. तिला पाहून जे मागे फिरतील, त्यांच्या घरी मुलगी द्यायची नाही." पाहुणे आले. त्यातल्या आजोबांनी आधी सायकलची घंटी वाजवून पाहिली! बोलणी अजून चालू आहेत.

आपल्याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. डॉक्टरांना सायकलची लाज नाही, मग आपल्याला का असावी?

मीही चाळिशी उलटल्यावर शिकले. मधल्या दांडीमुळे साडीत जमत नाही. पंजाबी ड्रेस घालते. रविवारी यांना सुट्टी, सायकल मोकळी असते. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर यावे. मागून धरायला मी आहे.