म्हातारी कोंबडी मलूल झाली तर



परसातली जुनी कोंबडी.
कितीतरी वर्षं घरात वावरलेली.
आज ती खुराड्याबाहेर आलीच नाही.
पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली आहे.
“वय झालं तिचं,” असं म्हणून सोडून देऊ नका.
म्हातारपण म्हणजे आजार नव्हे.

पहिलं काम एकच.
तिला वेगळी करा.
उबेला, डालग्याखाली ठेवा.
समोर स्वच्छ पाणी ठेवा.
दाणे टिपत नसेल, तर मऊ भात द्या.
चोच उघडून पाणी मात्र ओतू नका.
ते श्वासनलिकेत जातं.

आता तिला शांतपणे हातात घ्या.

छातीचं हाड धारदार लागतं का?
मग ती बरेच दिवस खंगते आहे.
पिसांमुळे आपल्याला ते दिसलं नाही, इतकंच.

सकाळी, दाणे टाकण्याआधी, गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा.
ती रिकामी हवी.
कडक लागली, तर अन्न अडकलं असेल.

शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा पाहा.
पोट फुगलं असेल, तर अंडंही अडकलेलं असू शकतं.

हे सगळं पशुवैद्यांना सांगा.
घरात उरलेली माणसांची गोळी देऊ नका.
आणि पुन्हा सांगते,
आधी तिला वेगळी करा.

मान वाकडी होत असेल, तर मानमोडी या रोगाची शंका घ्या.
एकदम दोन-तीन कोंबड्या दगावल्या,
तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका.