गुरुकुलातील शास्त्राभ्यास आणि पीएच.डी.चे संशोधन
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पाठीशी समाज सदैव उभा राहिला आहे. परंतु गुरुकुलात सात-आठ वर्षे शास्त्राध्ययन केलेला एखादा तरुण जैन तत्त्वज्ञानात पीएच.डी. करण्यासाठी शिष्यवृत्ती मागू लागला, की विश्वस्त मंडळींच्या मनात दोन शंका हमखास येतात. गुरुमुखातून जे शिकले, त्याला विद्यापीठाचा शिक्का कशासाठी? आणि तेथे जाऊन त्याची श्रद्धाच ढळली तर? दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरे उदाहरणांतूनच शोधावयास हवीत.

ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढे आचार्य समंतभद्र महाराज, यांनी १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. मूडबिद्रीजवळच्या नेल्लीकर गावचा एक दहा वर्षांचा मुलगा त्या आश्रमात शिकावयास आला. घरची भाषा तुळू, भोवतालची मराठी आणि अध्ययनाची संस्कृत! हाच मुलगा पुढे डॉ. पद्मनाभ जैनी (१९२३–२०२१) या नावाने विद्वन्मान्य झाला. मात्र गुरुकुलातून ते थेट लंडनला गेले नाहीत. नाशिकला पदवी, अहमदाबादेत प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजींच्या सान्निध्यात अध्ययन, त्यानंतर श्रीलंकेत पाली त्रिपिटकाचा अभ्यास आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन, अशी मोठी वाट त्यांनी चालली. त्यानंतर लंडन विद्यापीठाची पीएच.डी. झाली. त्यांनी संपादिलेला ‘अभिधर्मदीप’ हा बौद्ध ग्रंथ १९५९ मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झाला. जैन गुरुकुलाच्या विद्यार्थ्याने बौद्ध ग्रंथ हाती घ्यावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण प्रतिपक्षाचे म्हणणे केवळ स्वपक्षाच्या खंडनग्रंथांतून न वाचता त्याच्याच ग्रंथांतून वाचणे, ही संशोधनाची पहिली अट आहे आणि गुरुकुलात तिला सहसा वाव मिळत नाही.

गुरुकुल काय देते आणि विद्यापीठ काय देते, हे षट्खंडागमाच्या एका शब्दावरून जितके स्पष्ट होते, तितके अन्य कशानेही होत नाही. १९३९ मध्ये अमरावतीहून धवला टीकेसह त्याचा पहिला भाग प्रकाशित झाला. प्रमुख संपादक डॉ. हिरालाल जैन हे विद्यापीठात शिकलेले. सहसंपादक पंडित फूलचंद्र आणि पंडित हिरालाल हे दोघे सिद्धान्तशास्त्री. सत्प्ररूपणेचे ९३ वे सूत्र मनुष्यिणींच्या गुणस्थानांविषयी आहे. उपलब्ध प्रतींत तेथे ‘संजद’ म्हणजे संयत हा शब्द नव्हता. परंतु वीरसेनाचार्यांच्या टीकेत त्याच ठिकाणी चौदा गुणस्थानांची चर्चा येते, आणि मूळ सूत्रात तो शब्द असल्याखेरीज ती चर्चा जुळत नाही. संपादकांनी सूत्रात शब्द घुसविला नाही. तो गळाला असावा असे टीपेत नोंदविले. त्यावर समाजात मोठे वादळ उठले. स्त्रीमुक्तीचा प्रश्न त्यात गुंतला होता ना! पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी पाठ ताडून पाहिला असता तेथे ‘संजद’ आढळला.

टीका अंगात मुरलेली असल्याविना तो गळालेला शब्द दिसलाच नसता, आणि ताडपत्र न पाहता तो सिद्धही झाला नसता. श्रद्धेचे म्हणाल तर धवलाकारांनीच त्या सूत्रात भावस्त्री अभिप्रेत असल्याचे सांगून दिगंबर सिद्धान्ताशी मेळ घातला आहे. तेव्हा पाठ शुद्ध झाल्याने सिद्धान्ताला बाध आला नाही. डॉ. जैनींनीही १९९१ मध्ये स्त्रीमुक्तीवरील वादग्रंथांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले. त्यांत यापनीय शाकटायनाचाही ग्रंथ आहे, जो स्त्रीमुक्तीचे समर्थन करतो. जन्माने आणि शिक्षणाने दिगंबर असलेल्या विद्वानाने तो पक्ष लपवला नाही. परपक्षाला पूर्ण बोलू देण्याचे बळ ज्या श्रद्धेत नाही, तिच्या रक्षणासाठी एवढी चिंता कशाला?

आता व्यवहार. गुरुकुलाच्या स्वतःच्या परीक्षा कितीही कठीण असोत, पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मान्यताप्राप्त पदवी लागतेच. संस्कृत विद्यापीठांची ‘शास्त्री’ ही पदवी बी.ए.शी आणि ‘आचार्य’ ही एम.ए.शी समकक्ष मानली जाते. १९७७ मध्ये जयपूरला सुरू झालेल्या टोडरमल दिगंबर जैन सिद्धान्त महाविद्यालयासारख्या संस्थांत शास्त्राध्ययन आणि शास्त्री पदवी दोन्ही एकाच वेळी साधतात. गुरुकुलचालकांनी ही सोय आरंभीच करून ठेवावी. पंचविसाव्या वर्षी मुलाला पुन्हा पहिल्या वर्गात बसविणे हा शुद्ध तोट्याचा सौदा आहे.

खरी अडचण ‘आचार्य’ झाल्यानंतर येते. इंग्रजी कच्चे असते. वाल्थर शुब्रिंग यांचा जैन सिद्धान्तावरील ग्रंथ १९३५ मध्ये जर्मनीत निघाला, त्याचे नावही विद्यार्थ्याने ऐकलेले नसते. पोथीची लिपी वाचता येते, पण चार पोथ्या समोर ठेवून पाठभेद नोंदविण्याची सवय नसते. ही तयारी पुण्याला होऊ शकते. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि तेथूनच १९४४ मध्ये प्रा. ह. दा. वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ ही जैन ग्रंथांची अमोल सूची प्रसिद्ध झाली. या तयारीला दीड-दोन वर्षे लागतात. नेट परीक्षेत अधिछात्रवृत्तीपुरते गुण मिळून प्रवेश होईपर्यंत सरकारकडून एक पैसा मिळत नाही. नेमका याच काळात मुलगा वडिलांच्या दुकानात बसतो किंवा एखाद्या शाळेत चिकटतो.

विश्वस्त मंडळाने या दोन वर्षांचा निवास, भोजन, इंग्रजीची शिकवणी आणि हस्तलिखितांच्या प्रतींचा खर्च उचलावा, इतकीच या प्रसंगी विनंती आहे. दरसाल एकच विद्यार्थी घ्यावा. मात्र त्याने कोणता विषय घ्यावा आणि कोणता निष्कर्ष काढावा, याची अट घालू नये.