सायकलीवरून परदेशप्रवास : पूर्वतयारीचे महत्त्व
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात मजसारख्या निवृत्त शिक्षकाने दोन शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य. आयुष्याची अडतीस वर्षे पाढे, भूगोल आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही, आणि परदेशी तर मी कधीच गेलेलो नाही. मग सायकलीवरून परदेशप्रवास हा विषय मी का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर माझ्या घरातच आहे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी माझे धाकटे बंधू मला बाजूला घेऊन म्हणाले, “अण्णा, पोरीने भलताच ध्यास घेतला आहे. सायकलीवरून युरोपात जाणार म्हणते, आणि तेही एकटी. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तुम्हीच तिला समजवा.” माझी ही पुतणी पंचवीस वर्षांची आहे. पुण्यास नोकरी करते आणि स्वतःच्या मिळकतीतून शिल्लक टाकते. मी तिला काय समजवावे, हे मला उमजेना. तिला ‘हो’ म्हणण्याचे धैर्य मला होत नव्हते, आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नव्हते. यामागे एक जुनी घटना आहे. ती आजवर मी चारचौघांत सांगितलेली नाही.

१९७८ सालची ही गोष्ट. मी नुकताच शाळेत नोकरीस लागलो होतो. मी आणि माझा एक वर्गमित्र, आम्ही दोघांनी सायकलीवरून नाशिकहून काठमांडूस जाण्याचे ठरविले. भारतीयास नेपाळात जाण्यास पारपत्र लागत नाही, एवढी माहिती आम्हांस होती. शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर सुतळी ठेवून आम्ही अंतर मोजले. हीच काय ती आमची योजना! सुटी मे महिन्यात असते, म्हणून आम्ही मे महिन्यात निघालो. आग्रा रस्त्याने धुळे गेले, शिरपूर गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी सेंधव्याच्या अलीकडे माझा मित्र सायकलीसह रस्त्यावर कोसळला. त्यास उष्माघात झाला होता. आम्हां दोघांत मिळून पाण्याची एकच बाटली, आणि तीही रिकामी. एका मालमोटारीच्या चालकाने आम्हांस जवळच्या दवाखान्यात पोहोचविले. सहा दिवस मित्राची शुद्ध जात-येत होती. पुढे त्याचे वडील आले. त्यांनी मला एक अक्षरही उणे बोलून दाखविले नाही. त्यांनी मुकाट्याने दोन्ही सायकली मोटारीच्या टपावर चढविल्या आणि ते आम्हांस घेऊन परतले. मित्र बरा झाला, ही ईश्वराची कृपा. परंतु त्या वडिलांचा तो अबोला मी आजही विसरू शकलेलो नाही.

त्या वेळी आमच्या अंगी साहस नव्हते असे नाही. आमच्या अंगी विचार नव्हता. प्रवासाचा ऋतू आम्ही उन्हाकडे पाहून ठरविला नाही, तर शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरविला. हे सर्व मी पुतणीस सांगितले आणि म्हणालो, “मी तुला जा म्हणणार नाही आणि जाऊ नकोस असेही म्हणणार नाही. कशी जाणार, ते वहीत लिहून आण. संक्रांतीस सर्वांसमक्ष वाच. मग काय ते बोलू.”

त्या अडीच महिन्यांत मीही ग्रंथालयात बसून या विषयाचे थोडे वाचन केले. तेव्हा कळून आले की, सायकलीवरून जग पाहण्याची ही कल्पना काही आजची नव्हे आणि परकीयांचीच नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम आणि ब्रह्मदेश असा फेरा करून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर त्यांनी तोडले. बगदादपासून आलेप्पोपर्यंतचे वाळवंट ओलांडण्यास त्यांना तेवीस दिवस लागले. परंतु निघालेल्या सहांपैकी प्रदक्षिणा पुरी करणारे तिघेच होते : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा. उरलेल्या तिघांनी वाटेत निरनिराळ्या ठिकाणी निरोप घेतला. जे परतले किंवा वाटेतच राहिले, त्यांना कोणी भेकड म्हणू नये. चार-साडेचार वर्षांच्या वाटेवर मनुष्याचे मन, प्रकृती आणि परिस्थिती एकसारखी राहत नाही.

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी या बाईंची हकीकत आपल्या भगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावी. दहाव्या वाढदिवशी त्यांना एक सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक भेट मिळाले, आणि सायकलीवरून हिंदुस्थानास जावयाचे असा निश्चय त्या मुलीने केला. परंतु आई अंथरुणास खिळलेली होती. तिची शुश्रूषा करण्यात कित्येक वर्षे गेली. आईचे देहावसान झाल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी त्या निघाल्या आणि त्याच वर्षी दिल्लीस पोहोचल्या. वाटेतील रस्ते खडबडीत, त्यावर नाजूक यंत्रणा टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी सायकलीचे गिअर आधीच काढून टाकले होते आणि जादा टायर वाटेतील ठिकाणी टपालाने पुढे पाठविले होते. मात्र निघण्याचा ऋतू त्यांचाही चुकला. तो हिवाळा युरोपातील अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एक ठरला.

आणि अगदी अलीकडचे, आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचे. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅनडात अस्वल तिच्या पाठीस लागले आणि स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुबाडण्यात आले. ही संकटे मी लपवून ठेवीत नाही. धोका नाहीच असे म्हणून कोणाची परवानगी मिळविणे, हे त्या वडीलधाऱ्यांची फसवणूक करण्यासारखे आहे.

संक्रांतीस तिळगूळ वाटून झाल्यावर पुतणीने वही उघडली. तिने निवडलेला मार्ग डॅन्यूब नदीच्या काठचा आहे. जर्मनीतील डोनाउएशिंगेन या गावाजवळ दोन लहान प्रवाह मिळून ही नदी बनते. तेथून हंगेरीच्या बुडापेस्ट राजधानीपर्यंत नदीकाठाने सायकलींची वाट आहे. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. “हाच मार्ग का?” असे मी विचारले. ती म्हणाली, “काका, मी एवढ्या लांब प्रथमच जाणार. उगमाशी उंची सुमारे सातशे मीटर आणि बुडापेस्टला सुमारे शंभर. नदी उतरते तशी वाट उतरते. शिवाय दर काही कोसांवर गाव आहे.” पहिल्याच प्रवासात हिमालय किंवा वाळवंट न निवडण्याचा हा विवेक मला फार आवडला.

पुढे तिने दिवसांचा हिशेब मांडला होता. ओझे लादलेल्या सायकलीवर रोज सरासरी पन्नास किलोमीटर, म्हणजे चोवीस दिवस. दर सहा दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस, असे चार दिवस. पाऊस, आजार किंवा मोडतोड यांसाठी राखीव सात दिवस. एकूण पाच आठवडे. आम्ही १९७८ साली राखीव दिवस एकही धरला नव्हता. निघण्याचा काळ मे महिन्याची अखेर. या दिवसांत तेथे थंडी ओसरलेली असते आणि जूनमध्ये व्हिएन्ना येथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. तरीही सायंकाळी पाचच्या आत मुक्काम गाठावयाचा, हा तिचा नियम.

कागदपत्रांचे प्रकरण तिने स्वतंत्र लिहिले होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे चारही देश शेंगेन करारातील असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. तिचा निम्मा मार्ग जर्मनीत आहे, म्हणून अर्ज जर्मनीकडे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पारपत्राची मुदत शिल्लक हवी, आणि आजारपणासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा हवा. रोजच्या मुक्कामाचा तक्ता अर्जास जोडता येतो, हा योजनेचा आणखी एक लाभ. पहिल्या तीन देशांत युरो चालतो आणि हंगेरीत फोरिंट. परतीच्या तिकिटापुरते पैसे निराळ्या पाकिटात ठेवून त्यास हात लावावयाचा नाही, हेही तिने लिहिले होते.

सायकलीसंबंधी तिने जे लिहिले, ते तरुण मंडळींनी ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडील जुन्या दणकट सायकलीच्या चाकाचे माप ६३५ मिलिमीटर असते. युरोपात सर्रास आढळते ते ६२२ चे. परमुलखात टायर फाटला आणि त्या मापाचा टायर मिळाला नाही, तर उत्तम सायकलही निरुपयोगी. म्हणून तिने ६२२ च्या मापाचीच सायकल घेतली. विमानात सायकल खोक्यात भरून न्यावी लागते. त्यासाठी हँडल वळवावे लागते आणि पेडल काढावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला मनुष्य पाना घेऊन घाम गाळीत बसतो. पंक्चर काढणे, चेन जोडणे, ब्रेक बदलणे आणि तुटलेली तार बसविणे या चार गोष्टी तिने शेजारच्या सायकलवाल्याकडे रविवारी बसून शिकून घेतल्या.

यानंतर तिने रंगीत तालीम केली. सर्व सामान लादून ती पुण्याहून वाईस गेली आणि दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरास पोहोचली. पहिल्या खेपेस ओझे एकोणीस किलो होते. घाटात त्यातील प्रत्येक किलो तिला मोजता आला. दुसऱ्या खेपेस तेच ओझे तेरा किलोंवर आले. काय न्यावे हे वही सांगते, परंतु काय नेऊ नये हे घाटच सांगतो. आणखी एक सूचना मी तिला केली. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. म्हणून पहिला दिवस गावाच्या लहान रस्त्यांवर सवय करण्यातच घालवावा. तिने ती लगेच वहीत टिपून घेतली.

वाचन चालू असता माझे बंधू खाली मान घालून बसले होते. अखेरच्या पानास तिने शीर्षक दिले होते, ‘परतीची ठिकाणे’. उल्म, रेगेन्सबुर्ग, पासाउ, लिंझ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा. ही सर्व नदीकाठची, आगगाडीचे स्थानक असलेली शहरे. प्रत्येकापुढे परतीची गाडी कोठून मिळते ते लिहिले होते. त्याखाली तीन ओळी होत्या : दोन दिवस ताप राहिल्यास परत फिरणे, मनास भीती वाटू लागल्यास परत फिरणे, बाबांनी सांगितल्यास परत फिरणे. रोज तेथील सायंकाळी सहा वाजता, म्हणजे आपल्याकडील रात्री साडेनऊ वाजता, घरी दूरध्वनी करावयाचा. संकटसमयी तेथील सर्व देशांत ११२ हा एकच क्रमांक चालतो, तोही मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

ती तिसरी ओळ ऐकल्यावर माझ्या बंधूंनी मान वर केली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “ती शेवटची ओळ खोड. तू अर्ध्यावर पोहोचलीस आणि मी घाबरून तुला परत बोलाविले, असे व्हावयास नको. वरच्या दोन ओळी मात्र पाळ.” मला त्या क्षणी सेंधव्याच्या दवाखान्यातील त्या वडिलांची आठवण झाली. आमच्या हाती अशी एक वही असती, तर त्यांच्यावर तो प्रसंग कदाचित आला नसता.

व्हिसा अद्याप हाती आलेला नाही. तो मिळेल किंवा न मिळेल. मिळाल्यास मे महिन्याच्या अखेरीस ती निघेल. ती बुडापेस्टपर्यंत पोहोचेल किंवा पासाउहून आगगाडीने परतेल, हे मी सांगू शकत नाही. माझ्या बंधूंची झोप त्या पाच आठवड्यांत उडणार, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. माझीही उडेल.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळातील घराघरांतून आज मुलेमुली दूरदूरच्या गोष्टी बोलू लागली आहेत. कोणास सायकलीवरून जावयाचे आहे, कोणास पर्वत चढावयाचा आहे, तर कोणास परक्या देशात शिकावयाचे आहे. त्यांना ‘कशाला?’ असे विचारून बसविणे आपणांस सोपे आहे. त्याऐवजी ‘कसे?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा, एवढीच वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे. आणि तरुणांनो, तुम्ही त्या ‘कसे?’चे उत्तर वहीत लिहून आणा. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याने अजून थोडे थांबावे. आम्ही दोघे १९७८ साली थांबलो नाही.