वेलदूरच्या बायांची साक्ष



कंपनी आणि जमीन हा विषय आपल्या मुळशीला नवा नाही. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. तरी धरण झालंच. आज आम्ही सांगतोय ती गोष्ट मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या बायांची आहे.

गुहागर तालुक्यात अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनं दाभोळ वीज प्रकल्प आणला. वीज महाग पडेल, जमीन जाईल, खाडीतली मासळी जाईल, म्हणून आसपासची गावं विरोधात उभी राहिली. वेलदूर हे त्यातलं मासेमारीवर जगणारं गाव. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस गावात शिरले. बरेच पुरुष मासेमारीला गेलेले. दारं तोडली, आम्हाला ओढून बाहेर काढलं, काठ्यांनी मारलं, असं बायांनी सांगितलं.

त्या गप्प बसल्या नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं कागदावर आलं. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं अहवाल काढला. त्यात विचारलं होतं, की बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कोण देत होतं? उत्तर होतं, कंपनी. म्हणून अत्याचारात कंपनीचाही वाटा आहे, असं संस्थेनं म्हटलं. कंपनीनं आरोप फेटाळला. पुढं डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातली लबाडी उघडी पडून एन्रॉनचं दिवाळं निघालं. आपण गटाची वही दर महिन्याला तपासतो ना, ते उगाच नाही.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. फारच अपवादाची वेळ असेल, तर महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. ही तरतूद कायद्यात २००५ साली आली, वेलदूरनंतर. दुसरी गोष्ट, २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार सरकार खासगी कंपनीसाठी जमीन घेत असेल, तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते.

तेव्हा ग्रामसभेला जा. कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. आणि काही वाईट घडलं, तर तारीख, वेळ, कोण होतं, ते त्याच दिवशी गटाच्या वहीत लिहा. वेलदूरच्या बायांचं म्हणणं लिहिलं गेलं, म्हणूनच आज आम्ही ते तुम्हाला सांगू शकलो.